नाना मिस्त्रींची करवली

नाना मिस्त्रींच्या वर्कशॉपात सात मशिनी होत्या. सहा काम करायच्या आणि सातवी नुसती फिरायची. तिला पट्टा नाही, पातं नाही, तिच्या अंगावर कधी लोखंडाचा एक कीस पडला नाही. कोपऱ्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर बसून ती दिवसभर घुमायची. पण ती घुमल्याशिवाय बाकीच्या सहा जणी जागच्या हलत नसत. नाना तिला करवली म्हणायचे.

याचं कारण आमच्या टेकडवाडीची लाइट. सुप्याच्या कारखान्यांत थ्री फेज लाइट अशी वाहते की तिथली कुत्री खांबाला पाय लावायला घाबरतात. तिथून तेरा किलोमीटर आत या, की आमची वाडी. आमच्याकडे सिंगल फेज. तिच्यावर पंखा फिरतो, टीव्ही चालतो, मोबाईल चार्ज होतो, आणि पुढारी मंडळी म्हणतात, झालं की, अजून काय पाहिजे? नानांना लोखंड कातायची लेथ पाहिजे होती, ड्रिल पाहिजे होतं, लोखंड कापायची करवत पाहिजे होती. या सगळ्या मशिनी थ्री फेजच्या. त्यांना सिंगल फेज दिली, तर ओसरीतल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारख्या नुसत्या गुरगुरतात. उठत कोणी नाही.

मी टेम्पोवाला माणूस. मला डिझेल कळतं, लाइट कळत नाही. एकदा नानांना म्हटलं, समजावून सांगा. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, भिंतीवर काही काढायला गेले, आणि पुन्हा कानामागं ठेवून दिली.

"जातं बघितलंय का?"

"बघितलंय."

"थ्री फेज म्हंजे जात्याला बसलेल्या तीन बाया. एकीचा हात सुटायच्या आत दुसरीचा लागतो, दुसरीचा सुटायच्या आत तिसरीचा. जातं थांबतंय कशाला? आन सिंगल फेज म्हंजे एकच बाई. ती बी खुटा धरून नुसती मागं-पुढं करती. गरगर न्हाई."

"मग?"

"मग पयला धक्का दुसऱ्या कोनीतरी द्यायचा. एकदा करवली फिरली की मग न्हाई थांबत. आन फिरता फिरता तिसऱ्या बाईचा हात सोताच्याच पोटातनं काढती. तो हात आपुन वायरीनं बाकीच्यांना न्यायचा."

तर हा धक्का एका दोरानं दिला जायचा. करवलीच्या दांड्याला पुली, पुलीवर काथ्याचा दोर गुंडाळायचा आणि हिसडा मारून ओढायचा. ती वेगात आली, की त्याच क्षणी मेन स्विच टाकायचा. आधी टाकला तर ती गुरगुरते, उशिरा टाकला तर दमून थांबलेली असते. घरच्या लाइटीचा दाब वाढवायला नानांनी एका मेलेल्या वेल्डिंग मशीनवर स्वतःच्या हातानं तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर केला होता. त्याला मात्र नाव नव्हतं. नाना म्हणायचे, नाव ठेवायचं तर करवलीचंच, बाकीचे वऱ्हाडी.

वीज कंपनीचे एक साहेब एकदा जीप घेऊन आले. कोणीतरी कळवलं होतं, की सिंगल फेजच्या मीटरवर हा माणूस लेथ चालवतो, म्हणजे चोरी असणार. साहेब सगळ्या तारा तपासत कोपऱ्यात आले.

"ही मोटर काय करते?"

"काय न्हाई," नाना म्हणाले.

"मग चालू का आहे?"

"ती चालू नसली, तर बाकीच्या बी काय करत न्हाईत."

साहेबांना वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. नाना मात्र गंभीर. "साहेब, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय. का?"

"करवली कोन हुती?"

"बहीण होती माझी."

"तिनं काय काम केलं?"

"मागं उभी होती. कऱ्हा घेऊन."

"आन रुसली असती तर?"

आता ऐका. साहेबांची बहीण खरोखरच रुसली होती. चांदीच्या पैंजणांवरून. वरात पाऊण तास मांडवाबाहेर उभी होती आणि साहेब घोड्यावर. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. घोड्याचेही आले असतील. साहेबांनी चहा घेतला, मीटर बरोबर आहे असं लिहिलं आणि गेले. त्या कागदावर त्यांनी 'करवली' असा शब्द लिहिला, असं मी पुढं सुप्यापासून नगरपर्यंत सांगत फिरलो. कागद मी पाहिलेला नाही. पण साहेब पुन्हा आले नाहीत, हे खरं.

नाना दिसायला म्हणाल तर काही नव्हते. बुटके, काळे, छातीपुढं खिसा असलेला एकच खाकी शर्ट, त्याला वेल्डिंगच्या ठिणग्यांनी इतकी भोकं की त्यातनं शेवया गाळाव्यात. मशीन बिघडली की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचे आणि मूठ आपल्या कानाला, आणि डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. लोक म्हणत, नाडी बघतायत. "होत नाही" हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. "बघू" म्हणायचे. चारा कापायच्या यंत्राचं तुटलेलं दातेरी चाक असो की देवळाच्या घंटेचा लोलक, "बघू." आणि घाई करणाऱ्याला एकच वाक्य: "लोखंडाला तुझी घाई म्हाईत न्हाई."

पण नाना एकटे म्हणजे वर्कशॉप नव्हे. दोर ओढायच्या त्या हौसावैनी. नानांची बायको.

रोज सकाळी हातातलं काम टाकून त्या पदर खोचून यायच्या. दोर गुंडाळायच्या, एक पाय ओट्याला टेकवायच्या आणि ओढायच्या. नाना मेन स्विचला हात लावून, तिकडं पाठ करून उभे असायचे. बघायचे नाहीत. वैनी म्हणायच्या, "घे!" आणि नाना स्विच टाकायचे. बस. ते "घे" इतकं अचूक यायचं, की माझ्या टेम्पोचा क्लीनर त्यावर घड्याळ लावायचा. बाकी दिवसभरात वैनी फारशा बोलत नसत. दुपारी बंद करून जेवण झालं की पुन्हा एकदा. "घे!" म्हणजे दिवसाला दोन शब्द.

एकदा मी शहाणपणा केला. वैनी माहेरी गेल्या होत्या आणि मला टेम्पोची एक पिन तातडीनं हवी होती. म्हटलं, त्यात काय, मी ओढतो. नाना "थांब, थांब" म्हणेपर्यंत मी दोर गुंडाळला, भीमासारखा ओढला आणि "घे" असा ओरडलो, की सवयीनं त्यांच्या हातून स्विच पडलाच. लेथचं बटन आदल्या दिवसापासून सुरूच राहिलेलं होतं. करवली फिरली, पण उलटी. तिच्यामागं लेथ उलटी. लेथच्या नाकावर जो पंजा असतो, चक म्हणतात त्याला, तो आट्यांवर बसवलेला. लेथ सरळ फिरली की घट्ट होतो, उलटी फिरली की सुटतो. तो सुटला. वीस किलोचा चक जमिनीवर आपटला, दारातून बाहेर पडला, माठ फोडला, कोंबड्यांमधून वाट काढत उतारानं निघाला. थेट सुप्याच्या चौकात जाऊन पोलिसाला विचारत होता, की पुण्याचा रस्ता कुठला, असं मी सांगतो. खरं म्हणजे तो ओढ्यातल्या बाभळीला अडला. पुढं नानांनी त्याला आडवा स्क्रू मारला, उलटं फिरलं तरी सुटू नये म्हणून.

नाना रागावले नाहीत. चक उचलून आणताना म्हणाले, "चूक तुजी न्हाई. तू उजवा हायेस."

तेव्हा मला कळलं, की हौसावैनी डावखुऱ्या. त्या दोर डाव्या हातानं, म्हणजे आपल्या दृष्टीनं उलटा गुंडाळायच्या. सिंगल फेजवरच्या मोटरला स्वतःची अशी दिशा नसते. जिकडं धक्का द्याल, तिकडं ती निघते, आणि तिच्यामागं सगळं वऱ्हाड. मग ती सरळ-उलटी ठरवायची कशावरून? नानांनी वर्कशॉपची सगळी जोडणी वैनींच्या डाव्या हातावरून केली होती. तो हात म्हणजे सरळ.

हे असं का, ते मला वाडीतल्या जुन्या लोकांनी सांगितलं. हौसावैनींना मूल नव्हतं. वाडीत एवढं पुरतं. एका बारशाला त्या पाळण्याजवळ गेल्या, तर वरच्या आळीच्या सुंदराबाई म्हणाल्या, "हौसाबाई, तुमी तिकडं पत्रावळी मांडा." एवढंच. पत्रावळी मांडून त्या घरी आल्या आणि मग बाहेरच पडेनात. लोक म्हणतात, दोन वर्षं उंबरा ओलांडला नाही. मी वर्षावर थांबतो. त्याच सुमाराला नानांनी नगरच्या एका बंद पडलेल्या डाळमिलमधून दहा हॉर्सची भंगार मोटर उचलली. माझ्याच टेम्पोतून आणली. ओट्यावर बसवली, तारा जोडल्या, आणि एका सकाळी घराकडं तोंड करून हाक मारली, "हौसे, माजा एक हात स्विचला अडकलाय. जरा दोर वढ गं!"

वैनी आल्या. त्या दिवसापासून वर्कशॉप त्यांच्यावाचून सुरू झालं नाही.

पुढं नानांचं नाव झालं. आसपासच्या वाड्यांत सिंगल फेजच. कोणाची पिठाची गिरणी, कोणाचं लाकूड कापायचं मशीन. नाना जाऊन करवली बसवून द्यायचे. सुंदराबाईंच्या घरीही गिरणी आली आणि नानांना बोलावणं आलं. सुरू करायच्या दिवशी नारळ, हार, बायकांची गर्दी. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "पयला दोर हौसाच वढनार. तिच्या हाताला गुन हाय. दुसऱ्या कोनी वढला तर मी जबाबदार न्हाई."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पण गिरणीवर सगळ्यांचं दळण अडलेलं. वैनी पुढं झाल्या, पदर खोचला, दोर ओढला. "घे!" गिरणी अशी गरजली, की वरच्या आळीतली कौलं सरकली. सुंदराबाईंनी वैनींना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओंजळभर गव्हानं त्यांची ओटी भरली. मग एकेक करत बाकीच्याही पुढं आल्या.

परत येताना वैनी टेम्पोत माझ्या शेजारी, मांडीवर नारळ. नाना मागं हत्यारांजवळ. पाच किलोमीटर गेलो. मग वैनी रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "त्या गिरणीला बटन हाय."

"कसलं बटन, वैनी?"

"हिरवं. पोत्याखाली झाकलं हुतं. आन पत्र्याच्या डब्यात धक्का द्यायला कंडेन्सर. बटन दाबलं की करवली आपली आपन फिरती. दोर लागतच न्हाई."

मी गाडी हळू केली. मला हे माहीत होतं. नानांनी बसवलेल्या प्रत्येक करवलीला बटन होतं. गिरणीचा दोर त्या दिवसापुरता, रोजचा दोर फक्त त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपात होता. पण वैनींना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? यांना सांगू नका, मला कळलंय म्हून."

मी नाही सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. पण हे राहिलं.

वर्षं गेली. मग एका सकाळी वैनी दोर गुंडाळता गुंडाळता खाली बसल्या. डाव्या अंगावरून वारं गेलं. नगरच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. डावा हात लोंबता राहिला, डावा पाय ओढत चालायचा, आणि जीभ जड झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा, आपोआप येईल थोडंफार. डॉक्टरांना काय ठाऊक, हा निरोप ते कोणाला देतायत.

नानांनी वर्कशॉप बंद केलं. म्हणजे दार उघडं, पण मशिनी बंद. लोक कामं घेऊन यायचे, नाना म्हणायचे, सुप्याला जा. मीच ती कामं टेम्पोत घालून सुप्याला न्यायचो. महिना गेला, दोन गेले. शेवटी मी बोललोच.

"नाना, बटन बसवा की. अर्ध्या दिवसाचं काम तुमचं. लोक अडलेत."

त्यांना रागावलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, ते हे. हातातला पाना त्यांनी बाकावर आपटला. "आन ते सुरू झालेलं तिला आत ऐकू येईल, ते? तिच्याशिवाय मशिनी चालतात, हे तिला कळू देऊ व्हय मी? झोपूनच राहील ती मग. बापू, एक ध्यानात ठेव. ह्या वर्कशॉपला दोर हाय. दोर हौसा वढती."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, की नाना, त्यांना केव्हाचं ठाऊक आहे. मी जीभ चावली. अजून त्या जागी दुखतं.

नाना दुसऱ्याच कामाला लागले होते. त्यांनी एक अर्ध्या हॉर्सची मोटर मिळवली, नारळाएवढी. ती वैनींच्या खाटेजवळ स्टुलावर बसवली आणि तिला सुताची दोरी गुंडाळली. रोज सकाळी वैनींच्या डाव्या हाताच्या बोटांत दोरी अडकवायची आणि म्हणायचं, "वढ." बोटं हलायची नाहीत. नाना म्हणायचे, "बघू," आणि उद्या पुन्हा.

तिकडं वर्कशॉपात त्यांनी जे केलं, ते मी सुप्याच्या एका इंजिनिअरला सांगितलं तर तो म्हणाला, थापा मारू नका. म्हणजे बघा, जन्मात एकदा खरं बोललो आणि ते हे असं. नानांनी करवलीला करवली केली. खाटेजवळच्या मोटरीसारखीच आणखी एक छोटी, अर्ध्या हॉर्सची, पहिली फिरवायची. ती फिरली की तिच्या पोटातला तिसरा फेज दोन हॉर्सच्या मोटरला. ती उठली की पाचच्या मोटरला. पाचची उठली की दहाच्या मोठ्या करवलीला. चार मोटरी एका ओळीत, धाकटीपासून थोरलीपर्यंत. चार स्विच. म्हणजे सुताच्या दोरीला लेकरानं हिसका दिला, तरी शेवटी लेथ जागी व्हावी. हे सगळं कशासाठी, तर डाव्या हातात जेवढी ताकद परत येईल, तेवढीच पुरावी म्हणून.

ती काही आली नाही. सहा महिने झाले. नाना रोज ओळीतल्या बेअरिंगांना ग्रीस देऊन मोटरी अजून हलक्या करत होते, आणि हात होता तिथंच होता.

मग एक दिवस मी टेम्पो धुवत होतो, तर वर्कशॉपातनं पाय ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर हौसावैनी. खाटेवरून उठून, भिंत धरत, अंगण ओलांडून एकट्या आलेल्या. नाना दारात थिजलेले. वैनींनी डावा हात पदरात गुंडाळून ठेवला होता. दोरीचं एक टोक दातांत धरलं आणि उजव्या हातानं ती छोट्या मोटरीवर गुंडाळायला लागल्या. दोनदा सुटली. कोणी पुढं झालं नाही. तिसऱ्यांदा बसली. मग त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना धावत जाऊन स्विचला हात लावून, पाठ करून उभे राहिले. वैनींनी ओढलं आणि वाकड्या ओठांतून आवाज काढला.

"ए!"

नानांनी पहिला स्विच टाकला. दुसरा. तिसरा. चौथा. ओळीनं चारी जणी उठल्या, आणि सहा महिन्यांनी त्या पत्र्याखाली पुन्हा तो घूं घूं आवाज भरला. नाना हसत वळले, लेथचं बटन दाबलं. लेथ फिरली. उलटी.

उजव्या हाताची दोरी. दुसरं काय होणार?

नानांनी झटक्यात सगळं बंद केलं. वैनींच्याही ध्यानात आलं. त्यांचा चेहरा उतरला. आपल्या उजव्या हाताकडं त्या अशा बघत होत्या, जणू त्यानंच काहीतरी चोरलंय. दोरी खाली टाकून त्या परत फिरायला लागल्या.

"थांब," नाना म्हणाले. "चूक मशीनची हाय."

त्यांनी बोर्ड उघडला. थ्री फेजच्या तीन वायरींतल्या कुठल्याही दोन एकमेकींच्या जागी लावल्या, की सगळ्या मशिनींची दिशा फिरते. नानांनी पहिली वायर सोडली, दुसरी सोडली, पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी पहिली. एरवी डोळे मिटून करतील. त्या दिवशी स्क्रू दोनदा हातातून पडला. बोर्ड बंद करून म्हणाले, "आता वढ."

वैनींनी पुन्हा गुंडाळली. दातांनी, उजव्या हातानं. "ए!" ओळ उठली. लेथ फिरली. सरळ.

वर्कशॉप अकरा महिने चाललं. रोज सकाळी खुर्चीत बसून वैनी दोरी ओढायच्या. सुप्याला नेलेली कामं मी परत आणली. लोक मुद्दाम सकाळीच यायचे आणि दारात उभे राहायचे, कामासाठी नाही, ते "ए" ऐकायला. सुंदराबाई काठी टेकत दोनदा येऊन गेल्या.

आषाढातल्या एका सकाळी वैनी खुर्चीत होत्या, दोरी गुंडाळून झाली होती. नाना नेहमीसारखे स्विचला हात लावून, पाठ करून उभे होते. वाट बघत होते. मी आलो तेव्हाही तसेच उभे होते. मी दारातून वैनींना पाहिलं, मान छातीवर कललेली, दोरी बोटांतच, आणि मग नानांना पाहिलं. किती वेळ ते असे उभे होते, त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. वळलं की संपलं, म्हणून वळत नव्हते. शेवटी मीच पुढं होऊन त्यांचा हात स्विचवरून काढला.

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्या वाडीला थ्री फेज आली. वरच्या माळावर कोणाचा तरी दुधाचा मोठा प्रकल्प येणार होता, त्यासाठी खांब रोवले गेले, आणि वाटेत आमची वाडी होती. थ्री फेजसाठीचा नानांचा अर्ज केव्हाचा पडून होता. त्यावर अर्जदार म्हणून त्यांची आणि साक्षीदार म्हणून माझी सही, दोन्ही पार फिक्या झालेल्या. एका दुपारी लाइनमन आला. तरणाताठा, तोंडाळ पोरगा. नवीन मीटर लावलं, तार आणून बोर्डाला जोडली.

"घ्या नाना. आता तुमच्या ह्या चार म्हाताऱ्या भंगारात घाला. बटन दाबा, मशीन चालू. राजा हायेत तुमी आता!"

त्यानंच लेथचं बटन दाबलं. लेथ फिरली. उलटी.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "दोन वायरी बदलल्या की झालं. दोन मिनिटांचं काम." आणि स्क्रूड्रायव्हर काढून बोर्डाकडं वळला.

"त्याला हात लावू नको," नाना म्हणाले.

"अवो, पन उलटं फिरतंय—"

"फिरू दे."

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला बाहेर नेलं आणि सांगितलं, त्या दोन वायरी तशा का आहेत, ते. थोडक्यात सांगितलं, काही न वाढवता. त्यानं एकदा वर खांबाकडं पाहिलं. मग आत येऊन अदबीनं म्हणाला, "नाना, बोर्ड न्हाई उघडत. तुमची जोडनी तशीच राहू द्या. मी वर चढतो आन पोलावरच दोन तारा बदलतो. हितं काय बी हलायचं न्हाई."

नाना त्याच्याकडं बघून हसले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "गुनी हायेस. पन आज राहू दे."

पोरगा दुसऱ्या आठवड्यात आला, शिडी घेऊन. "आज राहू दे." पुढच्या महिन्यात आला. "आज राहू दे." मग जाता-येता नुसता हॉर्न वाजवायला लागला.

परवा माझ्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याची पिन झिजली म्हणून मी नानांकडं गेलो. मीटरचा लाल दिवा लागलेला होता. बोर्ड बंद होता. नानांनी लोखंडाची सळई चकमध्ये धरली. डावा हात चकवर ठेवून तो हातानंच फिरवायला लागले, आणि उजव्या हातातली कानस सळईवर टेकवली. थोडं फिरवायचं, थोडं घासायचं. लेथवर दहा मिनिटांचं काम. ऊन दारातून निघून भिंतीवर गेलं, तरी चालूच होतं. त्यांनी मान वर केली नाही.

बारीक कीस खाली पडत होता. लेथ सरळ फिरत होती. मिनिटाला तीन फेरे. मोजले मी.